पावसात .२२ रायफलचा ग्रुप खाली सरकतो आहे. शनिवारपूर्वी मार्गदर्शन हवे

नमस्कार.

मी फोंडा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. महाविद्यालयात एनसीसीमध्ये असताना .२२ रायफलने २५ यार्डांवर मोजक्याच गोळ्या झाडल्या होत्या. त्यानंतर तेवीस वर्षे बंदुकीला हात लागला नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा जुनी हौस पुन्हा डोके वर काढू लागली, आणि या जुलैत मी सलग दोन शनिवार-रविवारांच्या नेमबाजी वर्गाला नाव घातले. गोव्यात भर पावसात असा वर्ग कोण ठेवतो, असे घरच्यांनी विचारलेच. पण कोरड्या हंगामात रेंज स्पर्धकांना लागते आणि आमच्यासारख्या नवशिक्यांच्या वाट्याला आषाढच येतो.

पहिले दोन दिवस झाले आहेत आणि माझी अडचण त्यातल्या रविवारची आहे. अंतर ५० मीटर, स्थिती पालथे झोपून, डाव्या दंडाला चामड्याची स्लिंग (रायफलला जोडलेला आधाराचा पट्टा), रायफल संस्थेची, मागे पीप साइट, म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरायची साइट. झोपण्याच्या जागेवर पत्र्याची शेड आहे, टार्गेट मात्र उघड्यावर. शनिवारी सकाळी उघडीप होती. तेव्हाचे पाच-पाच गोळ्यांचे तीन ग्रुप, म्हणजे टार्गेटवर पडलेल्या छिद्रांचे पुंजके, मी कंपासपेटीतल्या पट्टीने मोजले: ३८, ४१ आणि ३५ मिलिमीटर. या टार्गेटवर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे असते, हे लक्षात घेता फुशारकी मारण्यासारखे काही नाही, पण तिन्ही ग्रुप एकाच जागी होते.

रविवारी पहाटेपासून धो धो पाऊस. त्या दिवशीच्या ग्रुपची रुंदी जवळपास तेवढीच राहिली, उंची मात्र ७० मिलिमीटरपर्यंत गेली आणि मध्य सुमारे ३० मिलिमीटर खाली उतरला. प्रशिक्षकांनी साइटचा स्क्रू काही क्लिक फिरवून मारा वर घेतला. पुढच्या पाच गोळ्या नीट लागल्या, त्यापुढच्या पाच पुन्हा खाली. रायफल तीच, गोळ्या त्याच खोक्यातल्या. मध्येच एक मोठी सर आली, टार्गेटचा कागद भिजून चौकटीवरून लोंबू लागला, तशी प्रशिक्षकांनी "बोल्ट उघडा, बोटे बाहेर!" अशी गोळीबार थांबवण्याची आरोळी दिली (बोल्ट म्हणजे गोळी भरायचा खटका) आणि सगळे दहा मिनिटे तसेच पडून राहिले. पत्र्याच्या एका खिळ्याच्या भोकातून माझ्या डाव्या बाहीवर टपटप पाणी पडत होते, तेही मी मुकाट्याने सोसले, कारण जागा बदलून मागितली असती तर रांगेतल्या सगळ्यांना उठावे लागले असते.

पावसाचे थेंब गोळीला एवढे खाली ढकलतील, हे मला पटत नाही. वारा आडवा होता, त्याने गोळ्या बाजूला जायला हव्या होत्या. चष्म्यावर धुके येत होते, पण ते मी दर गोळीला पुसत होते. मग चूक माझी, रायफलची की हवेची? घरी सरावाला रायफल नाही; .२२ ला परवाना लागतो आणि तो माझ्याकडे नाही.

प्रतिसाद १

ताई, आपण दिलेल्या तपशिलातच उत्तर आहे, फक्त ते आपण सोसण्याच्या गोष्टीत टाकलेत. पाणी डाव्या बाहीवर पडत होते, आणि स्लिंग त्याच दंडावर असते.

चामडे भिजले की ताणाखाली लांबते. स्लिंग लांबली की रायफलचा पुढचा भाग खाली बसतो. आपल्याला साइटमधून ते दिसते, म्हणून आपण नकळत डाव्या हाताच्या स्नायूंनी रायफल उचलून धरता. ट्रिगर सुटण्याच्या क्षणी ते स्नायू किंचित सैल पडतात आणि गोळी खाली जाते. कधी थोडी, कधी जास्त, म्हणून ग्रुप उभा ताणला जातो. साइट फिरवून हे बरे होत नाही, कारण पट्टा लांबतच असतो. आपण गणिताच्या शिक्षिका आहात, तेव्हा हिशेब करून पाहा: पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये ८० सेंटिमीटर अंतर धरले आणि पुढचे टोक केवळ १ मिलिमीटर खाली गेले, तर ५० मीटरवर तो फरक साधारण ६२ मिलिमीटर होतो. आपले ३० मिलिमीटर म्हणजे अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही.

शनिवारी प्रत्येक पाच गोळ्यांआधी एक गोष्ट करा. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, अर्धा श्वास सोडून डोळे उघडा. टार्गेटचा काळा गोल साइटच्या मधोमध नसेल तर हाताने ओढून आणू नका. पोट आणि पाय सरकवून अख्खे शरीर वळवा, आणि उंची चुकत असेल तर आधी स्लिंगचे भोक तपासा. आमच्या पलटणीत हे काम रोज सकाळी करून घेत. कंटाळा यायचा, पण पाऊस असो वा ऊन, ग्रुप जागेवर राहायचा.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे, मात्र उजेडाकडेही लक्ष द्यावे. माझी मुलगी मडगावात १० मीटर एअर रायफलचा सराव करते. तो प्रकार छताखालचा, पण ढग दाटले की तिथेही फरक जाणवतो. मागच्या साइटचे छिद्र बदलता येत असेल तर अंधारलेल्या हवेत ते थोडे मोठे करावे, नाहीतर काळा गोल आणि पुढच्या साइटची रिंग यांच्यामधली पांढरी कड नीट दिसत नाही आणि डोळा अंदाजाने नेम धरतो.

दुसरे असे की .२२ च्या गोळीवर मेणासारखे वंगण असते. ओल्या मॅटवर गोळी ठेवली तर त्याला वाळू चिकटते आणि ती थेट चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसायच्या जागेत, जाते. खोके झाकून ठेवा, एकेक गोळी कोरड्या बोटांनी घ्या. बॅरलच्या तोंडात पाणी किंवा चिखल गेल्याची शंका आली, तर गोळी झाडून तो मोकळा करण्याचा विचारही करू नका. बोल्ट उघडा आणि प्रशिक्षकांना हाक मारा.

धागाकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. उत्तर वाचून आधी हसू आले आणि मग स्वतःचा रागही आला.

संस्थेच्या परवानगीने ती स्लिंग मी बुधवारी घरी आणली. बाल्कनीच्या गजाला ती अडकवून खाली चार किलो तांदळाची पिशवी टांगली. कोरडी असताना अर्ध्या तासात पट्टीवर मोजता येईल असा फरक पडला नाही. नंतर पाव तास पाण्यात बुडवून पुन्हा टांगली, तर हुकापासून बकलापर्यंतची लांबी ६१२ मिलिमीटरवरून ६२६ वर गेली. सासूबाईंनी हे काय वाळत घातले आहे असे दोनदा विचारले. मी पुरावा आहे असे सांगितल्यावर त्यांनी तिसऱ्यांदा विचारले नाही.

आज शनिवारी सकाळी मी गळक्या पत्र्यापासून दोन मॅट पलीकडे जागा मागून घेतली, नायलॉनची स्लिंग वापरली आणि डाव्या दंडावर प्लॅस्टिकचा तुकडा गुंडाळला. पाऊस गेल्या रविवारपेक्षा जोराचा होता. ग्रुप ४४, ४० आणि ४७ मिलिमीटरचे आले, म्हणजे आकारात मी मागेच गेले, पण मध्य तिन्ही वेळा जागेवर होता. डोळे मिटून पाहण्याचा उपाय पहिल्यांदा केला तेव्हा काळा गोल जवळजवळ अर्धा वर दिसला. इतके दिवस मी रायफल हाताने उचलत होते, हे तेव्हा कळले. शेवटच्या फेरीत आभाळ काळवंडल्यावर छिद्र मोठे केले आणि पांढरी कड परत दिसू लागली.

आता एकच विचारायचे आहे. कॅनव्हासचे जाकीट घामाने आणि दमट हवेने ओलसर झाले असून त्याला बुरशीचा वास येऊ लागला आहे. उद्या सकाळी आठला पुन्हा घालायचे आहे.

प्रतिसाद २

चुलीजवळ किंवा इस्त्रीने वाळवू नका, जाकीट कडक होऊन त्याचा आकार बिघडतो आणि पुन्हा स्लिंगचे भोक शोधत बसावे लागेल. बटणे उघडी ठेवून रुंद हँगरवर टांगा, बाह्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, रात्रभर पंखा लावा आणि झोपण्याआधी कागद एकदा बदला. बुरशी दिसत असेल तिथे कोरड्या ब्रशने घासा, पण बाल्कनीत जाऊन. रविवारी रात्री जाकीट पिशवीत बंद करून कपाटात ठेवू नका. आमच्याकडे एक त्यातच गेले.