'स्रावित प्रथिने' खटकतं का?

पानगळ: एका आरोग्यलेखाचा अनुवाद करतेय. विषय असा, की पेशी काही प्रथिनं बाहेर सोडतात आणि ती धमन्यांना आतून थर साचण्यापासून वाचवत असावीत. 'सीक्रिटेड प्रोटीन्स'ला मी 'स्रावित प्रथिने' लिहिलं. आईला वाचायला दिलं, तर पहिल्याच ओळीला ती थांबली. "स्राव कुठून होतोय? शीर फुटली का?" तिच्या लेखी स्राव म्हणजे रक्तस्राव, नाहीतर चिघळलेल्या जखमेचं पाणी. रक्षण करणाऱ्या गोष्टीला हा शब्द कसा लावू?

मधलीसुट्टी: शब्दाचा काय दोष? लाळेचा स्राव, अंतःस्रावी ग्रंथी हे शाळेत शिकलोच ना सगळे. स्राव ठेवा, 'स्रावित' तेवढं काढा. सरळ 'स्रवणारी प्रथिने' म्हणा.

उंबरठा: स्रवणारी जखम म्हणजे जिच्यातून काही बाहेर येतं ती. मग स्रवणाऱ्या प्रथिनांतून काय बाहेर येतं? मला 'पाझरणारी' बरं वाटतं. मायेचा शब्द आहे, आईंनाही खटकणार नाही.

काचपट्टी: प्रयोगशाळेत काम करते म्हणून सांगते, 'पाझर' नको. भिंत पाझरते, तिला काही ठरवावं लागत नाही. पेशी मात्र निवडून पाठवते. अशा बहुतेक प्रथिनांच्या सुरुवातीला अमिनो आम्लांचा एक छोटा तुकडा असतो, पाकिटावरच्या पत्त्यासारखा. तो ओळखून पेशी त्यांना बाहेरच्या वाटेला लावते. हे उलगडल्याबद्दल ग्युंटर ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल मिळालं. म्हणून 'सोडलेली' किंवा 'धाडलेली' म्हणा.

मधलीसुट्टी: धाडलेली? प्रथिनं म्हणजे काय टपाल आहे? त्यापेक्षा 'रक्षक प्रथिने' लिहा आणि मोकळ्या व्हा.

काचपट्टी: तेही चालणार नाही. चरबीच्या पेशी ॲडिपोनेक्टिन नावाचं प्रथिन सोडतात. धमनीच्या अस्तराला पांढऱ्या पेशी चिकटू नयेत, यासाठी त्याची मदत होते असं प्रयोगांत दिसतं. लठ्ठपणात नेमकं तेच कमी होतं. एपो-ई हे दुसरं प्रथिन यकृतातून येतं, आणि थरात शिरलेल्या भक्षक पेशीही ते सोडतात. १९९२ मध्ये त्याचं जनुक निकामी केलेले उंदीर तयार केले, तर त्यांच्या धमन्यांत थर साचले. इथवर रक्षकच. पण पीसीएसके-९ हे प्रथिनसुद्धा यकृतच सोडतं, आणि ते वाईट कोलेस्टेरॉल उचलणारे ग्राही नष्ट करवतं. बाहेर सोडलेलं सगळंच राखण करत नाही.

जुनीवही: मुळात 'धमनी' का? आम्ही 'रोहिणी' शिकलो. रोहिणी आणि नीला, किती सुंदर जोडी!

उंबरठा: सुंदर खरी, पण नाडी बघणारा कुणी 'रोहिणी' म्हणताना ऐकलाय का? शिवाय धमनीत 'ध्मा' धातू आहे, फुंकणे. गीतेतलं 'शङ्खं दध्मौ' आठवा. ग्रीक 'आर्टेरिया' म्हणजेही आधी श्वासनलिकाच. मेल्यावर या नळ्या रिकाम्या दिसत, म्हणून त्यांतून वारा वाहतो असं मानत. दोन्हीकडे शब्दात वाराच भरलाय.

जुनीवही: म्हणजे चूक पोटात घेऊन बसलेला शब्द. तोच का जपायचा? आणि धमन्यांत थर साचण्याच्या विकाराला, म्हणजे अथेरोस्क्लेरोसिसला, कोशात 'रोहिणीविलेपी विकार' आहे, 'धमनीकाठिण्य' नाही. अथेरोस्क्लेरोसिस हे नाव जर्मन विकृतितज्ज्ञ मार्शां यांनी १९०४ मध्ये दिलं. त्यातलं 'अथेरे' म्हणजे ग्रीकमध्ये पेज, कारण थर कापला की आत पेजेसारखा गिळगिळीत लगदा निघतो. आता आयुर्वेदात बघा: मंड, पेया, विलेपी. विलेपी म्हणजे घट्ट पेज! हा शब्द घडवणाऱ्याला दोन्ही भाषा येत होत्या, असं माझं ठाम मत आहे.

मधलीसुट्टी: ताणताय तुम्ही. लेप, विलेपन, विलेपी. आतून लेप बसतो म्हणून विलेपी, एवढंच. आणि 'काठिण्य' निदान ऐकताक्षणी कळतं.

जुनीवही: कळतं, पण अर्धंच. कडकपणा कळतो, आतला लगदा कुठे कळतो? आणि लगदा मऊ असतो म्हणूनच तर थर फुटतो आणि रक्ताची गुठळी होते.

पानगळ: सगळ्यांचे आभार. तूर्त 'पेशींनी बाहेर सोडलेली प्रथिने' लिहून पाठवलं. पण तपासनिसांनी माझं 'वाचवत असावीत' खोडून 'वाचवतात' केलंय. उंदरांत दिसलं ते माणसांत तसंच्या तसं म्हणायचं? 'वाचवू शकतात' लिहिलं तर त्यांना ताकद आहे हे ठरलंच, असं वाटतं. मला फक्त शक्यता सांगायची आहे.

जुनीवही: त्यासाठी वेगळा धागा काढा ताई. पेया आणि विलेपीतलं पाण्याचं प्रमाण शोधून आणतो, मग बोलू.