इमारतीच्या दुरुस्तीसाठी दर महिन्याला साठवायचं, की काम निघालं की वर्गणी?

हिशेबनीस: चार मजली, 24 फ्लॅटची सोसायटी धरा. जमीन सोडून फ्लॅटमागे बांधकाम खर्च 20 लाख. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांची नमुना नियमावली) सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामांसाठीची राखीव गंगाजळी, वर्षाला किमान 0.25 टक्के, म्हणजे फ्लॅटमागे 5,000 रुपये. पण ही टक्केवारी मूळ खर्चावर. तो कागदावर गोठलेला, मजुरी मात्र चढतेच. शिवाय हा फंड पुनर्बांधणी किंवा आर्किटेक्टने प्रमाणित केलेल्या मोठ्या दुरुस्तीसाठी, रंगाला नाही. बाहेरचा रंग आज 6 लाखांचा असेल, तर 6 टक्के महागाईने सहा वर्षांनी साडेआठ लाख. त्यासाठी फ्लॅटमागे महिन्याला पाचशेच्या आसपास आजपासूनच, वेगळ्या मेजर रिपेअर फंडात. लिफ्टचे दोर, पंप, गच्ची यांचाही असाच हिशेब मांडा.

तिसरा मजला: कागदावर छान. खात्यात पंधरा लाख दिसले की कमिटीला पार्किंगमध्ये ग्रॅनाइट सुचतं. आणि फ्लॅट विकून गेलेल्याने भरलेले पैसे कोणाच्या कामी? काम ठरू द्या, तीन कोटेशनं येऊ द्या, मग वर्गणी काढा.

गच्चीवाला: राजेहो, वर्गणी गोळा होईतो पावसाळा येतो! नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर, स्लॅब तापून प्रसरतो आणि पहिल्या सरीत आखडतो. भेगा पडतात त्या पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) सांध्यात आणि पाणी उतरायच्या पाइपच्या तोंडाशी. हे काम मार्च-एप्रिलमध्येच व्हायला हवं. तळमजल्यावाले ‘गच्ची आमची थोडीच’ म्हणत अडून बसले, की वरून केमिकलचा एक हात मारून वेळ मारून नेतात. पाणी झिरपतच राहतं, सळई गंजून फुगते, खालचे पापुद्रे सुटतात. मग पोकळ काँक्रीट तोडा, सळई घासा, गंजरोधक लावा, पॉलिमर मॉर्टर भरा. एवढ्यावर सुटका नाही, त्यावर वॉटरप्रूफिंग करायचंच असतं. काम झाल्यावर पाइपची तोंडं बंद करून 48 तास पाणी साठवून बघा, त्याआधी शेवटचा हप्ता देऊ नका.

डीडवाचक: तिघंही सोसायटी गृहीत धरताय. नागपुरात 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या इमारतीही पुष्कळ. तिथे सोसायटीचे उपविधी चालत नाहीत. सामाईक खर्च डीड ऑफ डिक्लेरेशनमधल्या (इमारतीच्या नोंदणीकृत घोषणापत्रातल्या) अविभक्त हिश्श्याच्या, म्हणजे सामाईक जागेतल्या प्रत्येक फ्लॅटच्या वाट्याच्या, टक्क्यांनी वाटायचा. सगळ्यांना सारखी रक्कम लावली की एक बेडरूमवाला भांडणार, आणि त्याचं बरोबरच आहे. तळमजला, चौथा मजला हा वादही तिथेच संपतो. थकबाकीचा बोजा कायद्याने फ्लॅटवरच चढतो, म्हणून विकत घेणाऱ्याने आधी नादेय दाखला (काही देणं बाकी नसल्याचा) मागावा.

तिसरा मजला: गच्चीचं पटलं, तिला थांबायला वेळ नसतो. तेवढ्यापुरता फंड ठेवा, पण स्वतंत्र एफडीत, आणि आमसभेच्या ठरावाशिवाय मोडायची नाही. रंगासाठी मात्र अजूनही वर्गणीच; तो वर्षभर लांबला म्हणून इमारत पडत नाही.

गच्चीवाला: पडत नाही, पण पश्चिमेच्या भिंतीचा रंग गेला की प्लास्टरच्या भेगा उघड्या पडतात आणि पावसाचं पाणी आत शिरतं. तेवढी एक बाजू तरी फंडात धरा.