मदत हवी आहे: विल्बरीजचे आवाज कसे ओळखायचे?

मंडळी, मामाच्या जुन्या कॅसेटींत ‘ट्रॅव्हलिंग विल्बरीज’ या रॉक बँडचा १९८८चा पहिला अल्बम सापडला. ‘बीटल्स’वाल्या जॉर्ज हॅरिसनला एका सिंगलच्या (एका मुख्य गाण्याच्या छोट्या रेकॉर्डच्या) मागच्या बाजूसाठी गाणं हवं होतं, म्हणून बॉब डिलनच्या मालिबूच्या घरी दोस्त जमले आणि त्यातून अख्खा बँडच उभा राहिला! पण कव्हरवर सगळी टोपणनावं: नेल्सन, ओटिस, लेफ्टी वगैरे. रॉय ऑर्बिसनचा चढा आवाज लगेच कळतो (बिचारा त्याच डिसेंबरात गेला), डिलन तर नाकातून गातो. घोडं अडतंय ते टॉम पेटी आणि जेफ लिन यांच्यापाशी. कोरसमध्ये कोण कुठला, हे कानाने ओळखायची काही खूण आहे का? शिवाय २००७च्या आवृत्तीत दोन जादा गाणी आहेत, ती घ्यावी का?