बाल्टिकवरचा शांत बीच सुचवा (मदत हवी आहे, आजच)

लाटांची_लेक
जर्मनीत ओस्टझेवर (म्हणजे बाल्टिक समुद्रावर) शांत, वाळूचा, मुलांना सोडता येईल असा बीच हवाय. पाच जण, चार दिवस. बिन्झ आणि वार्नेम्युंडे सगळेच सांगतात, ते नकोत. घरं भराभर जातायत, आज रात्री बुक करायचंय. नाव सांगा फक्त, बाकी मी बघते.

ठोकळा
निघणार कुठून? महिना कोणता? गाडी आहे का? मुलं केवढी? फ्लेन्सबुर्गपासून पोलंडच्या हद्दीपर्यंत किनारा आहे, एकच नाव कसं सांगणार?

लाटांची_लेक
बर्लिन. ऑगस्टचा दुसरा आठवडा. गाडी नाही.

शेवटचा_डबा
मग उझेडोम बेट, त्यातही ट्रासनहाइडे किंवा कार्ल्सहागेन. आरई 3 या प्रादेशिक गाड्यांमधली श्ट्राल्झुंडकडे जाणारीच धरा, झ्युसोला उतरा, तिथून उझेडोमर बेडरबान (बेटावरची रेल्वे), त्सिनोवित्सला बदलून पेनेम्युंडे फाट्याची गाडी. घर ते वाळू चार तास धरून चाला. डॉइचलँडटिकेट (लोकल-प्रादेशिक गाड्यांचा देशभराचा मासिक पास) शेवटपर्यंत चालतं. सहा वर्षांखालच्यांना तिकीट नाही, पण 6 ते 14 वयाची मुलं तुमच्या डॉइचलँडटिकेटवर फुकट येत नाहीत, इथेच लोक फसतात. बर्लिनमध्ये गेझुंडब्रुनेनला चढलात तर उभ्याने जाल, त्याआधीच्या स्यूडक्रॉइत्स स्टेशनला चढा. आदल्या रात्री रुळांची कामं निघाली आहेत का ते ॲपवर बघा, उन्हाळ्यात ती असतातच.

पुळण रुंद, वाळू बारीक, मागे पाइनचं जंगल. कडा नाही, त्यामुळे जिने नाहीत. हेरिंग्सडोर्फ-आल्बेककडे असते तशी हॉटेलांची रांग नाही.

पेनेचा_काठ
कार्ल्सहागेन?? शेजारी पेनेम्युंडे आहे. व्ही-2 रॉकेटं तिथे बनवत होते, 17-18 ऑगस्ट 1943 च्या रात्री ब्रिटिशांनी ते बॉम्बने भाजून काढलं. त्यातला पांढरा फॉस्फरस अजून किनाऱ्यावर येतो आणि हुबेहूब अंबरसारखा (झाडाच्या डिंकाचा दगड झालेला पिवळा खडा) दिसतो. लहान मुलांसाठी हे कसलं नाव सुचवताय?

शेवटचा_डबा
पोहण्याशी त्याचा संबंध नाही. नियम एकच: पिवळट-केशरी खडा खिशात टाकायचा नाही. ओला असेपर्यंत फॉस्फरस थंड असतो, खिशात वाळला की आपोआप पेट घेतो आणि 1300 अंशांपर्यंत जळतो. मुलांना झाकणाचा पत्र्याचा डबा द्या, गोळा केलेलं त्यातच, आणि डबा अंगापासून लांब. पेटलंच तर कपडा ताबडतोब काढा, जखमेवर ओलं फडकं ठेवून ते ओलंच राहू द्या (वाळलं की पुन्हा पेटतं) आणि 112 या आपत्कालीन नंबरला फोन. तसंही अंबर हिवाळ्यातल्या वादळांनंतर जास्त सापडतं, ऑगस्टमध्ये शोधत बसायची गरजच काय.

मीठ_कमी
अंबर राहू द्या, पाण्याचं बघा. भरती-ओहोटी जवळजवळ नाही, त्यामुळे टॉवेल जिथे ठेवला तिथेच राहतो. पाणी घोट्याएवढं, मग गुडघ्याएवढं, मग वाळूचा बांध. बांधाच्या अलीकडे खोलगट चर असते आणि "किती उथळ आहे" म्हणत पोरं नेमकी तिथे जातात. आधी मोठ्या माणसाने चालून बघायचं.

वारा दुसरी गोष्ट. नैऋत्येचा असेल तर समुद्र तळ्यासारखा शांत दिसतो, आणि हाच वारा हवेची गादी, फुगा, डोनट सगळं आत ओढून नेतो. अशा दिवशी फुगवायच्या वस्तू घरी. पूर्वेचा वारा दोन-तीन दिवस टिकला तर खालचं गार पाणी वर येतं, काल 19 अंश होतं ते आज 14. हवामान छान असूनही पोरं काकडतात ती यामुळे. लाल-पिवळा झेंडा म्हणजे जीवरक्षक आहेत, सोबत पिवळा लागला तर मुलं बाहेर, लाल म्हणजे पाण्यात कोणीच जायचं नाही. लाकडी खांबांच्या रांगांजवळ पोहू नका.

कोकणी_काजू
याच्यापेक्षा नॉर्थ सी बरा. झांक्ट पेटर-ओर्डिंग, केवढी पुळण! खरा समुद्र तो.

मीठ_कमी
बर्लिनहून, गाडीशिवाय, लहान मुलं घेऊन नॉर्थ सी? आणि ओहोटीला पाण्यापर्यंत पोहोचेपर्यंत डबा संपेल.

ठोकळा
ताई, मुलांचं वय अजून कळलं नाही. पाच जणांत कोण कोण?

लाटांची_लेक
मुलगा 4, मुलगी 7. नवरा घरीच राहतोय, सासू-सासरे पुण्याहून आलेत. सासऱ्यांना मधुमेह आहे, पायाला छोटी जखम आहे, बाकी ठणठणीत.

ठोकळा
हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं! सासऱ्यांना पाण्यात उतरू देऊ नका. इथे क्षार लिटरला 7-8 ग्रॅमच, महासागरात 35 असतात. असल्या कमी खाऱ्या पाण्याचं तापमान 20 च्या वर गेलं की व्हिब्रिओ नावाचे जिवाणू वाढतात. ते जखमेतून आत शिरतात आणि वयस्क, मधुमेही माणसाला गंभीर संसर्ग होऊ शकतो. जखमेवर चिकटपट्टी लावून भागत नाही. काकांना वाळूवरही बूट घालूनच बसवा. हिरवट थर तरंगत असेल तर ते निळं-हिरवं शेवाळ, त्या दिवशी मुलंही बाहेर.

शेवटचा_डबा
बसायला श्ट्रांडकोर्ब घ्या, वेताची छपराची खुर्ची. दोन मोठे आणि एक पोर मावतं, तुम्हाला दोन लागतील. ऑगस्टमध्ये आधी ऑनलाइन राखून ठेवा. पाठ वाऱ्याकडे करायची, सूर्याकडे बघून नाही. दिवसाचं भाडं आणि कुरटाक्से (पर्यटकांकडून घेतला जाणारा गावाचा कर) वेगवेगळे. कुरटाक्से राहत्या घराच्या मालकाकडे जातो, दिवसापुरतं येणाऱ्याने यंत्रातून चिठ्ठी घ्यायची. सामानासाठी ओढायची चाकगाडी, बोलरवागन, भाड्याने मिळते.

पेनेचा_काठ
आणि सासू-सासऱ्यांना आधीच सांगा: एफकेकेची पाटी लागली की पुढे कोणाच्या अंगावर कपडे नसतात. चालायला निघालात की पाट्या वाचत जा.

कोकणी_काजू
शेंगेन व्हिसा जास्तीत जास्त 90 दिवसांचा असतो बरं, मोजून ठेवा.

ठोकळा
हे कोणी विचारलं?

लाटांची_लेक
त्सिनोवित्सला घर घेतलं. सासऱ्यांना फिरायला प्रोमेनाड आणि बाक मिळतील, मुलांना घेऊन मी ट्रासनहाइडेला जाईन. रविवारी दुकानं बंद असतील ना? पोहे-रवा बर्लिनहून नेऊ का?

शेवटचा_डबा
मौसमात किनाऱ्यावरच्या गावांना रविवारी दुकानं उघडायची सवलत आहे, पण दुपारीच, आणि सगळी उघडत नाहीत. पोहे न्या. टॉयलेटसाठी 50 सेंटची नाणीही.

नवीन_सदस्य_77
याच धाग्यात विचारतो, कुत्रा चालतो का?

ठोकळा
हुंडेश्ट्रांडची पाटी असेल तिथेच. वेगळा धागा काढा, आणि त्यात तरी कुठून निघणार ते लिहा.