‘प्रीडिस्टॉर्शन’ला मराठीत काय म्हणावं?

रामबागकर: इंदुरातल्या हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींसाठी मराठीत टिपण करतोय. ‘डिजिटल प्रीडिस्टॉर्शन’ला ‘पूर्वविकृती’ चालेल का? इथे हिंदीमुळे ‘विरूपण’ही कानावर आहे.

तुकोगंज: ‘विकृती’ नको, मराठी कानाला ती माणसाची वाटते. ‘पूर्वविरूपण’ बरोबर आहे, पण वाचून चित्र उभं राहत नाही. ॲम्प्लिफायर जिकडे वाकणार, त्याच्या विरुद्ध बाजूला सिग्नल आधीच वाकवायचा, म्हणून ‘उलट वाक’ म्हणा. शिखरावर गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) १ डेसिबेल पडत असेल, तर तिथे सिग्नल १ डेसिबेलहून थोडा जास्तच चढवावा लागतो. चढवला की गेन आणखी पडतो ना! आणि ॲम्प्लिफायर पूर्ण सॅच्युरेट झाला, म्हणजे त्याची ताकद संपली, की कितीही चढवा, उपयोग शून्य.

छत्रीबाग: दादा, ‘वाक’ फक्त ॲम्प्लिट्यूडचा, म्हणजे लहरीच्या उंचीचा झाला. ताकद वाढली की फेजही (लहरीची वेळेतली जागा) सरकते, तो ‘पीळ’. तोही उलटा घालावा लागतो. माझं मत, ‘उलट वाक-पीळ’.

रामबागकर: सुंदर! आणि ‘लिनिअर’? आपण “लिनिअर लावलाय” म्हणतो तेव्हा पॉवर ॲम्प्लिफायरच म्हणायचं असतं.

तुकोगंज: नाम असेल तिथे ‘लिनिअर’च ठेवा, गुण सांगताना ‘रेषीय’, म्हणजे आत जाईल त्याच प्रमाणात बाहेर देणारा. नाहीतर “लिनिअर रेषीय नाही” हे खरं वाक्य लिहिताच येणार नाही. टू-टोन टेस्ट द्या: ७०० आणि १९०० हर्ट्झचे दोन सूर एकदम दिले, की रेषीय नसलेला लिनिअर ३१०० आणि ४३०० वरही बोलतो. तोच शेजारच्या स्टेशनला होणारा त्रास.

छत्रीबाग: ‘फीडबॅक’ला ‘नमुना’ म्हणा, कारण ॲम्प्लिफायर किती वाकतो ते मोजायला आउटपुटचा चिमूटभर भागच रिसीव्हरकडे परत आणायचा असतो. १०० वॅट म्हणजे +५० डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेतले डेसिबेल). नमुना काढणारा ४० डीबीचा कपलर, पुढे सिग्नल आणखी कमी करणारा २० डीबीचा अटेन्युएटर, की रिसीव्हरला –१० डीबीएम मिळतात. नमुना जास्त तगडा झाला तर रिसीव्हर स्वतःच वाकतो, आणि त्या खोट्या वाकाचा उलटा वाक हवेत जातो. दुसरी चूक वेळेची: पाठवलेला सिग्नल आणि नमुना जुळवले नाहीत, तर आलेखात एका रेषेऐवजी फुगलेलं वेटोळं दिसतं. आधी ते मिटवा, मग उलट्या वाक-पिळाचं टेबल काढा.

रामबागकर: आणि एएलसी, म्हणजे सिग्नलची पातळी आपोआप आवरणारं सर्किट?

तुकोगंज: बंद. तो गेन हलवत राहिला, की काढलेलं टेबल लागू पडत नाही.