श्रीलिपीतल्या जुन्या बातम्या युनिकोडमध्ये कशा आणायच्या?

सांगलीत वार्ताहर आहे. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा घरातली कात्रणं लगदा झाली. माळ्यावरच्या सीडी तेवढ्या वाचल्या. त्यात २००१ ते २००८ च्या माझ्या बातम्या आहेत, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या, पेजमेकर ६.५ (पानं लावायचं सॉफ्टवेअर) च्या फाइल्स.

मजकूर कॉपी केला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये (आज मोबाइल-इंटरनेटवर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) बदलणारे दोन फुकटचे कन्व्हर्टर वापरून पाहिले. साधे शब्द येतात, पण रफार आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर बसतात. ‘कर्ज’ ओळखू येत नाही. फॉन्ट आहे, जुना डोंगल (श्रीलिपी चालू करायला संगणकाला जोडावी लागणारी किल्ली) नाही. विंडोज १० आहे. सातशेच्या वर फाइल्स, हाताने दुरुस्त करणं अशक्य. (स्कॅन सुचवू नका, कागदच उरला नाही.)

रफार-वेलांटी जागेवर ठेवून सगळ्या फाइल्स एकदम बदलणारं काही कुणी स्वतः वापरलंय का?