हेड्रियनच्या भिंतीवरचं काळं मडकं: लष्कराची खरेदी की चुलीची पसंती?

खापरवेडा
इंग्लंडमध्ये राहतो. सुट्टीच्या दिवशी रोमन काळातली खापरं धुवायला, मोजायला जातो. परवा हाती आलेला तुकडा डोक्यातून जाईना. काळा कुळकुळीत, काठ बाहेर वळलेला, खांदा घासून गुळगुळीत केलेला, त्याखालच्या न घासलेल्या पट्ट्यावर तिरप्या रेघांची जाळी. आतून बोट फिरवलं की उंचसखल लागतं, कारण हे मडकं चाकावर केलेलंच नाही.

याला ‘ब्लॅक बर्निश्ड वेअर’, म्हणजे घासून गुळगुळीत केलेली काळी भांडी, म्हणतात. हा त्यातला पहिला प्रकार, बीबी-1. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या डॉर्सेटमध्ये पूल खाडीच्या काठी, वेअरहॅमच्या आसपास हे घडायचं. ड्युरोट्रिजेस या तिथल्या जमातीची ही कला रोमन येण्याआधीपासूनची. इ.स. 120च्या सुमारास हीच जाडीभरडी भांडी थेट उत्तरेला, रोमन साम्राज्याच्या सीमेवरच्या हेड्रियनच्या भिंतीपर्यंत जाऊ लागली. पुस्तकांत ठरलेलं उत्तर असतं: लष्कराचा ठेका. मला ते पटत नाही. भांडं स्वयंपाकाला चांगलं होतं, म्हणून गेलं.

नाणेघाट
असहमत. डॉर्सेट ते भिंत हे अंतर सरळ रेषेत मोजलं तरी 480 किलोमीटरच्या आसपास. स्वस्तातलं, फुटणारं मडकं इतक्या लांब कोण नेईल? ज्याला पलीकडे गिऱ्हाईक नक्की आहे तोच. भिंतीचं काम 122मध्ये सुरू झालं. नेमक्या त्याच सुमाराला डॉर्सेटचं मडकं उत्तरेत पोचतं, हा योगायोग मी मानायला तयार नाही. शिवाय डॉनकास्टरजवळ रॉसिंग्टन ब्रिजला दुसऱ्या शतकात हीच भांडी, तशीच हाताने, घडत होती. उत्तरेत मागणी नसती तर तिथे कुणी भट्टी लावली असती का?

खापरवेडा
मागणी होती हे मान्यच आहे. ती कुणाची, एवढाच वाद. त्याच वर्षांत लंडनमध्येही बीबी-1 भरपूर सापडतं, तेही साध्या घरांच्या उकिरड्यांत. तिथे कुठला ठेका? आणि ही भांडी चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालली. नुसत्या सरकारी खरेदीवर एवढा काळ निघत नाही.

चुलीपाशी
दादा, मी पुरातत्त्वातली नाही, पण आजीच्या तवलीत कुळथाचं पिठलं खाऊन वाढले आहे. तवली कधी ना कधी तडकतेच, मग बाजारातून दुसरी आणायची. ज्या मातीत वाळू भरपूर असते ती तापणं-निवणं जास्त सोसते, हे आजीला कुणी शिकवलं नव्हतं. रोमन सैनिकांना एकत्र भोजनशाळा नव्हती, आठ-आठ जणांचा गट आपलं आपण रांधायचा. मग मडकं कोणतं घ्यायचं हे रांधणाराच ठरवणार ना?

नाणेघाट
ताई, मुद्दा चांगला आहे, पण रांधणाऱ्यापुढे जे आलं त्यातलंच तो निवडणार. बोटीत काय भरायचं ते दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेलं असतं.

खापरवेडा
हे मात्र मला झटकून टाकता येत नाही. पूल खाडीकाठी मीठही पिकवत. मिठाच्या बोटींतून मडकीही गेली असतील, असं काही अभ्यासक म्हणतात. तसं असेल तर वाहतुकीचा खर्च हा प्रश्नच उरत नाही.

पण ‘बोटीत होतं म्हणून घेतलं’ यावर मी थांबणार नाही. थेम्सच्या मुखाजवळ, केंट-एसेक्समध्ये, कुंभार चाकावर याच घाटाची भांडी करू लागले. त्यांना बीबी-2 म्हणतात, आणि तीही उत्तरेत पोचली. चाक हाताशी असलेल्या कुंभाराला हातघडीच्या मडक्याचा घाट उचलावासा वाटतो, तो त्या घाटाला गिऱ्हाईक असतं म्हणूनच. मूळची भांडी कुठली हेही ठेक्याच्या कागदावरून कळलेलं नाही. 1970च्या दशकात मातीतल्या वाळूची जड खनिजं तपासली, तेव्हा माग वेअरहॅमकडे गेला.

चुलीपाशी
तुमच्या त्या तुकड्यावर काजळी आहे का?

खापरवेडा
आहे. काठाच्या खाली, बाहेरून, जाड थर. धुताना मुद्दाम घासला नाही.